मारिओचे पाठभेद : एका खेळाच्या नव्या आवृत्त्या आणि खेळाडूंचा प्रतिसाद

एखादी जुनी साहित्यकृती पुन्हा छापली जाते तेव्हा तिची फारशी चर्चा होत नाही. मुखपृष्ठ बदलते, किंमत वाढते, क्वचित शुद्धलेखन नव्या नियमांनुसार सुधारून घेतले जाते. आणि जुना वाचक ती हाती घेऊन, 'आमच्या वेळची प्रत बरी होती' एवढा शेरा मारून खाली ठेवतो. व्हिडिओ खेळांच्या बाबतीत मात्र असे घडत नाही. वीस-तीस वर्षांपूर्वीचा एखादा गाजलेला खेळ नव्या यंत्रासाठी पुन्हा प्रकाशित झाला की त्याचे जुने खेळाडू त्याची ज्या काटेकोरपणे तपासणी करतात, तिला पाठचिकित्सा हेच नाव शोभेल. उडी पूर्वीइतकीच उंच जाते काय, कडेवर टेकलेला पाय पूर्वीइतकाच ठरतो काय, एखादा जुना दोष परस्पर दुरुस्त तर केला गेला नाही ना, अशा प्रश्नांची छाननी ते करतात. ती करणारांत कोणी पंडित नसतो. पण मूळ संहिता त्यांच्या बोटांत मुखोद्गत असते. हा प्रतिसाद समजून घ्यावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

हा विषय कोलकात्यात बसून लिहावा, यात एक औचित्य आहे. जादवपूर विद्यापीठात १९५६ साली बुद्धदेव बसू यांनी तौलनिक साहित्याचा विभाग सुरू केला; या देशातील तो पहिला. त्याच विद्यापीठात २०१३ साली रवींद्रनाथांच्या समग्र लेखनाची हस्तलिखिते व मुद्रित आवृत्त्या एकत्र आणून त्यांतील पाठभेद शब्दागणिक ताडून पाहण्याची सोय करणारा 'विचित्रा' हा प्रकल्प संगणकावर सिद्ध झाला. आणि याच शहरात अध्यापन करणारे सौविक मुखर्जी यांनी व्हिडिओ खेळांचा कथनाच्या दृष्टीने (२०१५) व वसाहतोत्तर दृष्टीने (२०१७) विचार करणारे ग्रंथ लिहिले. पाठभेदांची शिस्त आणि खेळांचा अभ्यास अशी दोन्ही अंगे एका शहरात नांदत असताना ती एकमेकांस भेटवून पाहण्याचा मोह कोणासही व्हावा.

प्रथम खेळाच्या प्रकाराविषयी. 'प्लॅटफॉर्म' हा शब्द ऐकून हावड्याचे किंवा दादरचे फलाट डोळ्यांपुढे आले तर ते फारसे चुकीचे नाही. पडद्यावर कमीअधिक उंचीवर फळ्या, विटा, चौथरे मांडलेले असतात. खेळाडूच्या ताब्यातील पात्राने एकावरून दुसऱ्यावर उड्या मारीत, खड्डे आणि शत्रू चुकवीत पुढे जावयाचे असते. म्हणजे या प्रकाराचा गाभा उडी हा आहे. कादंबरीत वाक्याला जे स्थान, ते येथे उडीला. कथानक नाममात्र असते. राजकन्या पळविली गेली आहे आणि ती सोडवून आणावयाची आहे, एवढे पुरते. परंतु उडीची चढण, तिच्या माथ्यावरचा क्षणभराचा थांबा, हवेत असताना दिशा वळविण्याची किती मुभा आहे, जमिनीवर आल्यावर पाय किती घसरतो, यांतून प्रत्येक खेळाची अशी एक लय तयार होते. ती लय खेळाडूच्या शरीरात मुरते. वर्षानुवर्षे खेळ हाती न घेतलेल्या माणसासही कोठला खड्डा धावत येऊन ओलांडावा आणि कोठला उभ्या उभ्या, हे विचारल्यास सांगता येणार नाही; पण रिमोट हाती दिल्यास अंगठा ते बरोबर करतो.

या प्रकाराचा अभिजात नमुना म्हणून 'सुपर मारिओ ब्रदर्स' या खेळाचे नाव घेण्यास प्रत्यवाय नसावा. शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका यांनी रचलेला, कोजी कोंदो यांचे संगीत असलेला हा खेळ निन्तेन्दो कंपनीने १३ सप्टेंबर १९८५ रोजी जपानात प्रसिद्ध केला. आठ जगे, प्रत्येकात चार टप्पे, असे एकूण बत्तीस टप्पे. आणि हा सारा पसारा अवघ्या चाळीस किलोबाइटांत बसविलेला. ही काटकसर किती टोकाची होती, याचे एकच उदाहरण देतो. या खेळातील आकाशातले ढग आणि जमिनीवरची झुडपे यांचा आकार एकच आहे. फक्त रंग निराळा दिला आहे. संतकवीने एकच शब्द दोन अर्थांनी वापरून ओवी आटोपशीर करावी, तसा हा प्रकार आहे.

मारिओची पहिली पुनरावृत्ती निघाली ती जपानातच, आणि मूळ खेळानंतर वर्षभरातच. १९८६ साली तो कॅसेटऐवजी चुंबकीय तबकडीवर आला. वरवर पाहता काहीच बदल नव्हता. पण पहिल्या जगाच्या दुसऱ्या टप्प्याच्या शेवटी, भिंतीतून अंग चोरून आरपार जाण्याची एक युक्ती खेळाडूंना सापडलेली होती. ती साधली की पडद्यावर 'वजा एक' अशा क्रमांकाचे जग उघडते. वस्तुतः तो आकडा छत्तिसाचा. त्या आकड्याच्या जागी यंत्राजवळ कोरे चित्र असल्याने तेथे रिकामी जागा उमटते आणि मधली आडवी रेघ वजाचे चिन्ह भासते. मूळ कॅसेटमध्ये हे जग पाण्याखालचे असून त्याला अंत नाही. टप्पा संपला की तोच पुन्हा सुरू होतो. तबकडीवरच्या आवृत्तीत मात्र त्याच वाटेने गेल्यास तीन निरनिराळे टप्पे लागतात आणि ते पार करता येतात. कर्त्याने न लिहिलेला, यंत्राच्या चुकीतून जन्मलेला हा भाग. पण त्यालाही दोन पाठ आहेत! आपल्याकडील पोथ्यांचा संशोधक हे वाचून गालात हसेल. १९९३ साली 'सुपर मारिओ ऑल-स्टार्स' या संग्रहात जुने मारिओ खेळ अधिक समृद्ध चित्रांनिशी पुन्हा काढण्यात आले, तेव्हा ही वाट बुजविण्यात आली. आणि एक सूक्ष्म बदल नकळत शिरला. मूळ खेळात डोक्याने वीट फोडली की मारिओ तत्काळ खाली येतो. नव्यात तो वीट फोडून तसाच वर जात राहतो. फरक क्षणाच्या काही अंशाचा. परंतु विटांच्या रांगेखालून धावणाऱ्या खेळाडूचा ताल त्यानेच चुकतो, आणि रंगीबेरंगी ढगांचे कौतुक करणारे खेळाडूही या एका गोष्टीवर आजतागायत तक्रार करीत आले आहेत.

हान्स रॉबर्ट याउस या जर्मन अभ्यासकाने १९६७ साली कॉन्स्टान्झ येथे दिलेल्या व्याख्यानात साहित्याचा इतिहास लेखकाच्या बाजूने नव्हे, तर वाचकाच्या बाजूने लिहावा असे सुचविले आणि त्यासाठी 'अपेक्षांचे क्षितिज' ही कल्पना मांडली. वाचक कृतीकडे कोरा येत नाही; पूर्वी वाचलेल्याने त्याच्या अपेक्षा घडलेल्या असतात, आणि कृतीचे मोल त्या अपेक्षांशी तिचे जे नाते जुळते वा तुटते त्यात असते. पुनःप्रकाशित खेळाच्या बाबतीत ही कल्पना विलक्षण नेमकी लागू पडते. कारण येथे अपेक्षा घडविणारी कृती आणि समोर आलेली कृती नावाने एकच असतात. मात्र याउसच्या वाचकाचे क्षितिज मुख्यतः मनात होते. खेळाडूचे ते अंगठ्यात असते. म्हणून त्याचा अपेक्षाभंगही बौद्धिक स्वरूपाचा नसतो. तो खड्ड्यात पडण्याच्या रूपाने होतो.

याचे अलीकडील सर्वांत बोलके उदाहरण मारिओचे नसून 'क्रॅश बँडिकूट' या खेळाचे आहे. नॉटी डॉग या अमेरिकी संस्थेने १९९६ ते १९९८ या काळात या खेळाचे तीन भाग काढले. ३० जून २०१७ रोजी हे तिन्ही भाग 'एन सेन ट्रिलजी' या नावाने, विकेरियस व्हिजन्स या दुसऱ्याच संस्थेने पुन्हा बांधलेले असे प्रसिद्ध झाले. 'पुन्हा बांधलेले' हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो. मूळ खेळाची आज्ञावली त्यांच्या हाती नव्हती. टप्प्यांचे भूमितीय सांगाडे तेवढे मिळाले होते. त्यांवरून त्यांनी सारे नव्याने उभारले. म्हणजे देवळाचा तळखडा आहे, जोते आहे, पण शिखर जुन्या छायाचित्रांवरून चढवावयाचे, अशी स्थिती.

खेळ बाजारात येताच जुने खेळाडू म्हणू लागले की चित्रे सुंदर आहेत, संगीत चांगले आहे, पण उडी चुकते. ज्या पुलावरून पंधरा-वीस वर्षांपूर्वी सहज पार झालो त्याच पुलावर आता वारंवार पडतो. वयाचा परिणाम असावा असे काहींना वाटले (चाळिशीतल्या माणसाची ही शंका सहानुभूतीने पाहावी). परंतु इतरांनी दोन्ही आवृत्त्या शेजारी शेजारी लावून पाहिल्या आणि दाखवून दिले की नव्या खेळात पात्राच्या पायाखालचा अदृश्य आकार गोलसर असल्याने कडेवर टेकलेला पाय ठरत नाही, घसरतो. शिवाय उडीचा उतार जलद आहे. जुलै २०१७ मध्ये प्रकाशकांनी खुलासा केला. तिन्ही भागांत एकसूत्रता यावी म्हणून तिसऱ्या भागाची हाताळणी आधाराला धरली होती, आणि पहिल्या भागातील उडीला आता अधिक नेमकेपणा लागतो, असा त्याचा आशय. म्हणजे संपादकांनी तिसऱ्या ग्रंथाची भाषा पहिल्या ग्रंथास लावली होती. कालक्रमाने मागचा ग्रंथ पुढच्याच्या व्याकरणात बसविला की काय होते, हे जुन्या मराठीच्या अभ्यासकास निराळे सांगावयास नको.

याच प्रकाशनाची दुसरी बाजूही आहे, आणि ती क्वचितच सांगितली जाते. पहिल्या भागासाठी रचलेला, पण फारच अवघड वाटल्याने खेळातून गाळलेला एक टप्पा १९९६ च्या तबकडीवर तसाच राहून गेला होता; विशेष उपकरण लावले तरच तेथे पोचता येई. हा वगळलेला अध्याय २०१७ च्या जुलै महिन्यातच नव्या आवृत्तीस जोडण्यात आला. ज्या खेळाडूंनी उडीतील बदलाबद्दल तक्रार केली होती, त्यांनीच या भरीचे स्वागत केले. मूळ पहिल्या खेळात प्रगती साठवून ठेवण्याची सोय फार कंजूष होती. ती नव्यात सुटसुटीत केली, तीही बहुतेकांनी मुकाट्याने स्वीकारली. यावरून दिसते ते असे, की खेळाडूंना बदल नको असतो हा समज खरा नाही. भर चालते, सोय चालते, नवे वस्त्रही चालते; चालत नाही तो शरीरात मुरलेल्या लयीस लागलेला धक्का. संगीत नाटकाच्या रसिकाशी याची तुलना करता येईल. 'सौभद्रा'च्या (१८८२) नव्या प्रयोगात पडदे बदलले, पदे कमी केली, तरी जुना प्रेक्षक खपवून घेतो. पण ओळखीच्या पदाची सम भलतीकडे आली की पहिल्या रांगेत खाकरणे सुरू होते. बंगालीतही असे दाखले आहेत. रवींद्रसंगीताची स्वरलिपी गायकावर कितपत बंधनकारक मानावी, या प्रश्नावर देवव्रत विश्वास यांचा विश्वभारतीच्या संगीत मंडळाशी जो मतभेद झाला, तो येथील रसिक अद्याप विसरलेले नाहीत.

येथपर्यंतचे विवेचन मूळ कृती एक आहे आणि नंतरच्या आवृत्त्या तिच्यापासून दूर जातात, या गृहीतावर चालले. आपल्या देशापुरते हे गृहीतच डळमळीत होते, आणि माझ्या मते या विषयातील खरा रस तेथे आहे.

नव्वदीच्या दशकात महाराष्ट्रात काय किंवा बंगालात काय, मध्यमवर्गीय घरांतून मारिओ आला तो मूळ कंपनीच्या यंत्रावर नव्हे. त्याची हुबेहूब नक्कल करणारी स्वस्त यंत्रे मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर आणि मनीष मार्केटमध्ये, कोलकात्याच्या चांदनीत आणि खिदिरपूरच्या फॅन्सी मार्केटात मिळत. त्यांना कोणी त्यांच्या नावाने ओळखत नसे. 'टीव्ही गेम' किंवा नुसते 'व्हिडिओ गेम' एवढेच नाव. ज्यांना विकत घेणे शक्य नसे ते तासाच्या भाड्याने दुकानात खेळत. कॅसेट चालेनाशी झाली की तिच्यात फुंकर मारावयाची, हा विधी साऱ्या जगात होता तसा आपल्याकडेही होता.

या कॅसेटींवर शेकडो, कधी ९९९९ खेळ असल्याचे छापलेले असे. प्रत्यक्षात पाच-सात खेळ आणि त्यांचीच किरकोळ फेरफार केलेली रूपे: एकात मारिओ तिसऱ्या जगापासून सुरू होई, दुसऱ्यात आणखी कोठून तरी. साहित्याच्या भाषेत हा एक अनधिकृत संकलनग्रंथ, आणि त्यातील कृतींची पानेही उलटसुलट बांधलेली. अनेकदा आरंभीच्या पटलावरून कंपनीचे नाव व वर्ष पुसून टाकलेले असे. परिणामी एका संपूर्ण पिढीने हा खेळ निनावी कृती म्हणून ग्रहण केला. मियामोतो हे नाव ठाऊक असण्याचे कारणच नव्हते. लोककथेला कर्ता नसतो, तसा मारिओलाही नव्हता. तो असे, एवढेच.

लोकवाङ्मयाची दुसरी खूणही त्यास लागली. खेळासोबत येणारी पुस्तिका आपल्याकडे आली नाही. त्यामुळे सारे ज्ञान तोंडोतोंडी गेले. पहिल्या जगाच्या दुसऱ्या टप्प्यात छतावर चढून विटांच्या वरून धावत गेल्यास शेवटी तीन नळ लागतात आणि त्यांतून थेट दुसऱ्या, तिसऱ्या वा चौथ्या जगात जाता येते. तिसऱ्या जगाच्या पहिल्या टप्प्यात पायऱ्यांवर कासवाच्या पाठीवर नेमकी उडी साधत राहिल्यास जिवांची संख्या हवी तेवढी वाढते. या गोष्टी कोणी वाचल्या नव्हत्या. कोणाच्या तरी मावसभावाने दाखविल्या होत्या. पात्रांची नावेही अशीच पडली. शेवटच्या किल्ल्यातील शत्रूस अनेक मुले 'ड्रॅगन' म्हणत. निन्तेन्दोच्या मते तो कासवांचा राजा आहे. यात चुकीचे असे काही नाही. पाठ मौखिक झाला की त्याचे स्थानिकीकरण होतेच.

आता लयीचा मुद्दा पुन्हा घेऊ. जपान व अमेरिका येथील दूरदर्शन संचांवर चित्र सेकंदाला साठ वेळा ताजे होते. भारतात आणि युरोपात स्वीकारलेल्या पद्धतीत पन्नास वेळा. मारिओसारखा खेळ प्रत्येक चित्रागणिक एक पाऊल पुढे सरकतो. मारिओचे धावणे, उडीची चढउतार, वेळ मोजणारे घड्याळ, संगीताचा ताल, सारे त्या मोजणीवर चालते. साठाच्या हिशेबाने लिहिलेला खेळ पन्नासाच्या यंत्रावर जसाच्या तसा चालविला की सारेच एक षष्ठांशाने मंदावते. आपल्या संचांना जुळवून घेतलेल्या नकली यंत्रांवर नेमके हेच होई. कोंदो यांच्या प्रसिद्ध धुनेची पट्टी जवळपास तीच राही, लय मात्र किंचित विलंबित. ज्या मुलाने हा खेळ केवळ असा ऐकला-पाहिला, त्याच्या लेखी मारिओची ती लय मंद नव्हती. ती मारिओची लय होती.

२०१६ च्या नोव्हेंबरात निन्तेन्दोने तीस जुने खेळ भरलेले एक चिमुकले यंत्र काढले. जुन्या संचाच्या पडद्यावर दिसणाऱ्या आडव्या रेघा मुद्दाम उमटविण्याची सोयही त्यात होती. म्हणजे एके काळची उणीव आता अलंकार झाली होती. ते हातोहात खपले. पाश्चात्त्य खेळाडूंची मुख्य तक्रार रिमोटची तार आखूड असल्याची. पण मुंबई-पुण्याच्या किंवा कोलकात्याच्या त्या पिढीतील एखाद्याने परदेशातून येताना ते आणले, तर त्यास जाणवावयाचे ते निराळेच. खेळ अधिक वेगवान वाटावा, हात मागे पडावा, धून घाईत वाजावी. यंत्रातील मारिओ मूळ कृतीशी अक्षरशः प्रामाणिक आहे, आणि नेमका म्हणूनच या खेळाडूस तो परका आहे.

दोन वर्षांनी या प्रसंगाची उलटी बाजू जगाने पाहिली. डिसेंबर २०१८ मध्ये सोनी कंपनीने आपल्या पहिल्या प्लेस्टेशनची लघु आवृत्ती काढली. तीत वीस खेळ होते. पैकी नऊ खेळ पन्नासाच्या पद्धतीचे, युरोपसाठी काढलेले, होते. अमेरिकी खेळाडू आणि समीक्षक यांनी त्यावर टीकेची झोड उठविली: खेळ मंद आहेत, अडखळतात, हे आमच्या लहानपणचे खेळ नव्हेत. टीका यथार्थ होती. पण तिचा अर्थ असा की 'मूळ' या शब्दाला भूगोल आहे. ओसाकाचे मूळ आणि औरंगाबादचे मूळ एक नाही.

अशा वादात संपादकाने कोणाची बाजू घ्यावी? मराठी वाचकास हा प्रश्न नवा नाही. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, आणि पुढे कोणी तीत आपली ओवी घालू नये असे बजावले. १९०९ साली इतिहासाचार्य राजवाड्यांनी त्यापूर्वीची म्हणून एक पोथी प्रसिद्ध केली. अभ्यासकांत खळबळ उडाली. वारकऱ्यांच्या पारायणात मात्र एकनाथी परंपरेचाच पाठ राहिला. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सित आवृत्ती पुरी केली. वि. सी. सुकथनकर प्रभृतींच्या शिस्तीनुसार, व्यासांचा लेखनिक झालेल्या गणपतीची कथा मुख्य संहितेतून परिशिष्टात गेली. सभापर्वातील द्रौपदीने कृष्णाचा धावा केल्याचा भागही तसाच गेला. शास्त्र म्हणून हे बिनतोड आहे. परंतु लहानपणापासून गणपतीसह महाभारत ऐकलेल्या माणसास ती आवृत्ती हाती दिल्यास तो जे म्हणेल, तेच उडी बदललेल्या खेळाबद्दल खेळाडू म्हणतो. हे दोन्ही प्रसंग सारख्याच तोलाचे आहेत असे मला सुचवावयाचे नाही. त्यांतील वाचकाचा दावा मात्र एकाच जातीचा आहे: संहितेला माझ्याशिवायही इतिहास असेल, पण माझ्यातही तिचा इतिहास आहे.

खेळाडूंचे एकमत असते असेही नाही. २०२० च्या सप्टेंबरात निन्तेन्दोने मारिओच्या तीन त्रिमिती खेळांचा संग्रह काढला. आणि ३१ मार्च २०२१ नंतर तो विकणार नाही असे जाहीर करून, ते पाळलेही. त्यात १९९६ चा 'सुपर मारिओ ६४' होता. तो १९९७ साली जपानात निघालेल्या सुधारित आवृत्तीवर बेतला असल्याचे खेळाडूंनी मारिओच्या तोंडच्या एका बदललेल्या वाक्यावरून ओळखले. त्या आवृत्तीत, पाठीमागे लांब उड्या मारीत अफाट वेग मिळविण्याचा जुना दोष काढून टाकलेला आहे. सामान्य खेळाडूस त्याचे सोयरसुतक नव्हते. कमीत कमी वेळात खेळ संपविण्याच्या स्पर्धेत उतरणारांना मात्र तो दोष म्हणजेच त्या खेळाचे वैभव होते. तीच गोष्ट २०१९ पासून निन्तेन्दोच्या वर्गणीदारांना मिळालेल्या 'मागे फिरविण्या'च्या सोयीची. खड्ड्यात पडलात, तर काही क्षण मागे जाऊन पुन्हा उडी घ्या. ज्यांना आठव्या जगापर्यंत कधीच पोचता आले नव्हते त्यांनी ते याच वाटेने पाहिले, आणि त्यांचा आनंद खोटा कसा म्हणावा? तरीही माझे मत नोंदवितो: जेथे पडणे रद्द करता येते, तेथे उडीचे वजन कमी होते. वाचकाने पाने चाळून रहस्यकथेचा शेवट आधी पाहिला म्हणून कथा बदलत नाही. येथे मात्र खेळाडूची कृती हीच कथा आहे.

या साऱ्या चर्चेत कंपन्यांकडे निदान आपापल्या आवृत्त्या आहेत, आणि त्याही अपुऱ्या. अमेरिकेतील व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन या संस्थेने जुलै २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार, २०१० पूर्वी त्या देशात निघालेल्या जुन्या खेळांपैकी ८७ टक्के आज बाजारात कोणत्याही रूपात उपलब्ध नाहीत. म्हणजे पुनःप्रकाशनाचे भाग्य लाभते ते थोड्यांनाच, आणि अर्थातच खपणाऱ्यांना. आपल्या कॅसेटींचे काय? त्या बेकायदा नकला होत्या, म्हणून कोणतीही कंपनी त्यांची आवृत्ती काढणार नाही. कोलकात्यातील राष्ट्रीय ग्रंथालयात १९५४ च्या कायद्यान्वये भारतात प्रसिद्ध होणाऱ्या प्रत्येक पुस्तकाची एक प्रत दाखल व्हावयाची असते; १९५६ पासून वृत्तपत्रांचीही. बेल्व्हेडियरच्या त्या इमारतीत एखाद्या तालुक्याच्या गावी छापलेली, दुसरीकडे कोठेही न उरलेली चोपडी सापडू शकते. खेळ त्या कायद्याच्या कक्षेत येत नाहीत. आणि आले असते, तरी या कॅसेटी दाखल करावयास प्रकाशक कोण पुढे आला असता?

तरीही एखादी जुनी पेटी माळ्यावरून खाली येते तेव्हा ग्रंथालयाच्या पद्धतीने तिची नोंद करून पाहावी. ग्रंथनाम: वेष्टनावर एक, पडद्यावर दुसरे. कर्ता: पुसलेला. प्रकाशक: नाही. वर्ष: नाही. स्थळ: विकत घेतलेल्या दुकानाचे नाव सांगणारा माणूस असेल तर. पृष्ठसंख्येच्या जागी ९९९९ लिहावे की सात, हा पहिला निर्णय. टीप या सदरात मात्र लिहिण्यासारखे पुष्कळ आहे: सेकंदाला चित्रे पन्नास की साठ, मारिओ कोणत्या जगापासून सुरू होतो, 'वजा एक'ची वाट उघडी आहे की बुजलेली, आणि ज्या घरातून ती आली, तेथे शेवटच्या शत्रूला काय म्हणत असत. यांतील पहिल्या तिन्ही गोष्टी यंत्र सुरू झाले तर तपासता येतील. चौथी विचारावी लागेल, आणि ती सांगू शकणारी माणसे आज चाळिशी-पन्नाशीत आहेत.